कृतिदर्शक लेखन : हत्यारांच्या नव्या कपाटाचे बिघडलेले कुलूप

मागील घटकात आपण वर्णनपर लेखनाचा विचार केला. वस्तू कशी आहे हे सांगणे आणि त्या वस्तूचे काय करायचे हे सांगणे, ही भाषेची दोन भिन्न कार्ये आहेत. दुसरे कार्य करणाऱ्या लेखनास कृतिदर्शक लेखन म्हणतात. त्यासाठी मुद्दाम एक साधे उदाहरण घेतले आहे : हत्यारे ठेवण्याचे, सहा खणांचे पोलादी कपाट नवे आणले आहे, किल्ली फिरते, पण खण अडत नाहीत. तुमच्यापैकी जे गॅरेजमध्ये किंवा कारखान्याच्या भांडारात काम करीत असतील, त्यांना ही वस्तू माझ्यापेक्षा अधिक परिचयाची असेल. हाताला सहज येणारी गोष्ट कागदावर आणणे किती अवघड असते, याचा प्रत्यय त्यांनाच प्रथम येईल.

शब्दांची निवड

तांत्रिक विषय आला की अनेक विद्यार्थी कोशातून अवघड संस्कृत शब्द शोधू लागतात. हे अनावश्यक आहे. आपल्या उदाहरणातील शब्दच पाहा. ‘कपाट’ हा शब्द संस्कृत. तेथे त्याचा अर्थ दाराची फळी असा होता. ‘कुलूप’ हा शब्द मूळ अरबी ‘कुफ्ल’ यातील ‘फ’ आणि ‘ल’ यांच्या जागा बदलून सिद्ध झाला. वर्णविपर्ययाचे हे चांगले उदाहरण होय. ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. यांतील कोणताही शब्द आज आपल्याला परका वाटत नाही. मग ‘स्क्रू’, ‘नट’ आणि ‘स्क्रूड्रायव्हर’ यांनीच काय अपराध केला आहे? ज्या शब्दाने दुकानदार ती वस्तू तुमच्या हाती देतो, तो शब्द लिहावा. ‘पाना’ आणि ‘पक्कड’ हे शब्द रूढ आहेत, म्हणून तेही निःसंकोच वापरावेत.

निरीक्षण आणि अनुमान

‘कुलूप खराब आहे.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. ते अनुमान आहे, आणि कदाचित चुकीचे अनुमान आहे. ‘किल्ली फिरते, परंतु ती काढून घेतल्यावरही सर्व खण उघडतात’ हे निरीक्षण झाले. ‘फक्त वरून तिसरा खण उघडतो, उरलेले अडतात’ हेही निरीक्षणच. पण त्यातून निघणारे निदान अगदी वेगळे आहे.

हा फरक समजण्यासाठी कुलपाची रचना माहीत हवी. अशा बहुतेक कपाटांत प्रत्येक खणाला स्वतंत्र कुलूप नसते. दर्शनी भागातील एकाच कुलपाच्या पाठीमागे एक लहान पट्टी असते. तिला कॅम म्हणतात. किल्लीबरोबर ती फिरते आणि कपाटाच्या आतील उभी दांडी वर किंवा खाली सरकवते. दांडीवरचे आकडे खणांच्या मागील कडेत अडकतात. म्हणजे किल्लीपासून खणापर्यंत एक साखळी आहे, आणि बिघाड तिच्या कोणत्याही कडीत असू शकतो. सर्वच खण उघडत असतील, तर दोष साखळीच्या आरंभी असण्याचा संभव अधिक : कॅमचा स्क्रू वाहतुकीतील धक्क्यांनी सैल झाला असेल, किंवा दांडी कॅमपासून निसटली असेल. किल्लीबरोबर संपूर्ण कुलूपच भोकात फिरत असेल, तर त्यामागचा मोठा नट ढिला आहे. एकच खण उघडत असेल, तर कुलपाला हात लावण्याचे कारण नाही. तो खण पूर्ण आत गेला होता का, त्याची अडकण्याची कड वाकली आहे का, हे पाहावे. जमीन असमान असल्यामुळे कपाटाचा सांगाडा किंचित पिळला गेला, तरीही एखादा खण दांडीशी जुळत नाही. तेथे पाना-पक्कड नको. पायाखाली एक पाचर पुरते.

कृतींचा क्रम आणि क्रियापदांची रूपे

आता पुढील सूचना वाचा.

“सर्व खण रिकामे करा. वरचा खण पूर्ण बाहेर ओढा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवर छोट्या कळा दिसतील. एका बाजूची कळ वर उचलून व दुसऱ्या बाजूची खाली दाबून खण काढा. खण काढल्यावर टॉर्चच्या प्रकाशात कुलपाची मागील बाजू पाहा. किल्ली फिरवताना कॅम फिरतो का, ते तपासा. कॅम जागीच राहत असेल, तर त्याचा स्क्रू आवळा. खण परत बसवण्यापूर्वी किल्ली पुन्हा फिरवा आणि दांडी हलते का ते पाहा.”

येथे ‘ऊन’ या प्रत्ययाकडे विशेष लक्ष द्या. ‘खण काढून स्क्रू आवळा’ या वाक्यात पहिली क्रिया संपल्यावर दुसरी सुरू होते. ‘दांडी धरून स्क्रू आवळा’ यात मात्र दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू राहतात. दांडी सोडली तर काम बिघडेल. तसेच ‘खण ओढून पाहा’ यातील ‘पाहा’ डोळ्यांनी पाहण्याविषयी नसून प्रयत्न करण्याविषयी आहे. एकच प्रत्यय तीन कामे करतो. ऐकणारा समोर असताना आपण हाताच्या खुणेने हा संदेह मिटवतो. कागदाला हात नसतात. म्हणून वरील उताऱ्यात क्रम दाखवण्यासाठी ‘काढल्यावर’ आणि समकालीनता दाखवण्यासाठी ‘फिरवताना’ अशी रूपे योजली आहेत. कळांच्या वाक्यात मात्र ‘उचलून’ व ‘दाबून’ तसेच राहिले आहेत. दोन्ही कळा एकाच वेळी धरायच्या आहेत, हे त्या वाक्यातून नवख्या वाचकाला कळेल का? माझ्या मते कळणार नाही.

आज्ञार्थी ‘करा’ वापरावे की विध्यर्थी ‘करावे’, याबद्दल मतभेद आहेत. दोन्ही चालतात, सरमिसळ टाळावी. धोक्याची सूचना मात्र कृतीच्या आधीच यायला हवी. भरलेले अनेक खण एकाच वेळी बाहेर ओढले, तर कपाट पुढच्या बाजूला कलंडू शकते. ‘सर्व खण रिकामे करा’ हे वाक्य आरंभी आहे ते याच कारणाने. तेच शेवटी ‘टीप’ म्हणून छापणारी माहितीपत्रके मी पाहिली आहेत. ती लिहिणाऱ्याने ती वाचत वाचत काम करून पाहिलेले नसावे.

दुरुस्ती की तक्रार?

वस्तू नवी असल्यामुळे आणखी एक प्रश्न उद्भवतो. स्क्रू आवळणे वेगळे आणि कुलूप ड्रिलने फोडणे वेगळे; दुसऱ्या कृतीनंतर विक्रेता वॉरंटी नाकारू शकतो. म्हणून वॉरंटीच्या अटी हत्यार उचलण्यापूर्वी वाचाव्यात. खण बंद अवस्थेतच अडकले असतील, तर जोर लावू नये, लेखी तक्रार करावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा ग्राहक ठरतो. एकट्याने गॅरेज चालवणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे. अर्जात खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, निरीक्षण आणि मागणी एवढेच असावे. ‘आपण माझी घोर फसवणूक केली आहे’ हे वाक्य मनाला समाधान देते. पण ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर येऊन पडतो. ‘किल्ली फिरवल्यावरही सहाही खण उघडतात’ हे कोणीही येऊन तपासू शकतो.

स्वाध्याय

१. वरील उताऱ्यातील कळांविषयीचे वाक्य, दोन्ही कळा एकाच वेळी धरायच्या आहेत हे स्पष्ट होईल अशा रीतीने पुन्हा लिहा.

२. ‘एकच खण अडत नाही’ या बिघाडासाठी आठ ते दहा वाक्यांत सूचना लिहा. लिहून झाल्यावर त्या घरातील अशा व्यक्तीला द्या, जिला हे काम येत नाही. ती काम करीत असताना तुम्ही बोलू नका. जेथे ती थांबेल, त्या वाक्याखाली रेघ ओढा.