शेवटच्या षटकाचा माणूस कसा पारखायचा?



मासवणच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. ताई घरी डबे करतात आणि दुपारी तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना पोहोचवतात. नेहमीचा रिक्षावाला आला नाही की गावातल्या एका मुलाला बाईक घेऊन बोलावतात. त्या विचारतात, "सर, दोन महिन्यांत हा मुलगा दहा वेळा गेला आणि तीन वेळा डबे उशिरा पोहोचले. एक गिऱ्हाईक तुटलं. त्याला काढून टाकू का?"

ताई, घाई करू नका. आधी एका खेळातून माणूस पारखायला शिकूया.

अमेरिकेत फँटसी बेसबॉल खूप चालतो. खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ निवडायचा आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचे. (आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे. आपल्याला पैसे लावायचेच नाहीत, फक्त विचार करायची पद्धत घ्यायची आहे.) या खेळात सगळ्यात जास्त फसगत होते ती रिलीफ पिचर निवडताना. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आपल्या भाषेत बॉलर. सामना सुरू करणारा पिचर दमला किंवा अडचणीत सापडला की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. म्हणजे ताईंचा बाईकवाला मुलगाच म्हणा ना!

त्याला पारखायच्या चार कसोट्या आहेत.

1. हुद्दा वेगळा, कसब वेगळं. थोडक्या आघाडीवर शेवटी येऊन सामना जिंकून देणाऱ्या पिचरच्या नावावर "सेव्ह" जमा होतो. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये 1969 पासून हा आकडा अधिकृतपणे मोजतात. मारियानो रिव्हेरा या पिचरच्या नावावर 652 सेव्ह आहेत. पण गंमत बघा, शेवटी कोणाला पाठवायचं हे मॅनेजर ठरवतो. संधीच मिळाली नाही तर उत्तम पिचरच्याही खात्यात सेव्ह शून्य. म्हणून नुसते सेव्ह बघून निवडणारा फसतो.

2. त्याच्या स्वतःच्या हातात काय आहे? फलंदाजाला थेट स्ट्राइकआउट करणं आणि त्याला फुकट पहिल्या बेसवर जाऊ न देणं, हे बऱ्याच अंशी पिचरच्या हातात असतं. मारलेला चेंडू फील्डरने पकडला की सोडला, हे नसतं. म्हणून जाणकार आधी स्ट्राइकआउट आणि फुकट दिलेले बेस बघतात.

3. आला तेव्हा परिस्थिती काय होती? रिलीफ पिचर येतो तेव्हा कधी कधी आधीच्या पिचरने सोडलेले धावपटू बेसवर उभे असतात. ते घरी पोहोचले तर ती धाव आधीच्या पिचरच्या खात्यात लिहितात. म्हणजे हिशोबाची वही कधी एकाचं ओझं दुसऱ्यावर टाकते, कधी एकाची चूक झाकते. वही वाचताना हे ध्यानात ठेवायचं.

4. काम किती वेळा केलंय? सुरुवातीचा पिचर हंगामात 180 इनिंग टाकतो असं धरा, रिलीफवाला 60. दोघांची सरासरी दर नऊ इनिंगला 3 धावा. आता दोघांनाही एकेका वाईट रात्री पाच जादा धावा पडल्या. पहिल्याची सरासरी होते 3.25 आणि दुसऱ्याची 3.75. रात्र तेवढीच वाईट, पण डाग तिप्पट मोठा दिसतो! काम थोडं असलं की एक वाईट दिवस सगळा हिशोब बिघडवतो.

आता आपल्या पालघरच्या माणसाशी जोडून बघू. 12 मे 2019, हैदराबाद, आयपीएलची फायनल. मुंबईच्या 149 धावा. चेन्नईला शेवटच्या षटकात 9 हव्या होत्या. मलिंगाने आधीच्या तीन षटकांत 42 धावा दिल्या होत्या, त्यातल्या एका षटकात तर 20. तरी रोहित शर्माने चेंडू त्याच्याच हातात दिला. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या आणि समोर उभा होता आपल्या पालघरचा शार्दुल ठाकूर. संथ यॉर्कर, पायचीत! मुंबई एका धावेने जिंकली.

इथे एक सावधगिरी हवी. "जिंकले, म्हणजे निर्णय बरोबर" असं म्हणू नका. शार्दुलची बॅट लागली असती तर त्याच निर्णयाला लोकांनी नावं ठेवली असती. निर्णयामागचा आधार बघा. तोवर आयपीएलमध्ये सगळ्यात जास्त बळी मलिंगाच्या नावावर होते आणि यॉर्कर ही त्याची वर्षानुवर्षांची कमाई होती. कप्तानाने त्या संध्याकाळच्या तीन षटकांपेक्षा ती कमाई जास्त धरली.

आणि शार्दुल? तो एका चेंडूत संपला का? 2021 च्या फायनलमध्ये कोलकात्याची सलामीची जोडी 91 धावांवर त्यानेच फोडली आणि त्याच षटकात दुसराही बळी घेतला. त्या वेळी चेन्नई जिंकली. 2019 च्या त्या चेंडूवरून त्याला कायमचं मोडीत काढलं असतं तर?

आता ताईंच्या वहीकडे वळू. मी त्यांना एकच गोष्ट शोधायला सांगितली: त्या तीन दिवशी डबे स्वयंपाकघरातून किती वाजता निघाले? उत्तर आलं, दोन दिवशी डबेच वीस मिनिटं उशिरा भरले गेले होते. रिक्षा येणार नाही हे उशिरा कळलं आणि धावपळ झाली. म्हणजे दोन उशीर मुलाला वारशात मिळाले. तिसरा मात्र त्याचाच. तो वाटेत थांबला होता. त्याबद्दल त्याच्याशी स्पष्ट बोला, पण काढू नका. आणि रिक्षावाल्याला सांगा, यायचं नसेल तर आदल्या रात्री फोन कर.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात अडचणीला धावून येणारा माणूस कोण? वहीत त्याच्या नावापुढे चार रकाने करा: काम हातात आलं तेव्हाची स्थिती, त्याच्या हातात काय होतं, त्याने काय केलं, असं एकूण किती वेळा. महिनाभर भरा. त्याआधी कोणाला काढू नका आणि कोणाला डोक्यावरही घेऊ नका.

कारण असा माणूस आपल्याला फक्त वाईट दिवशीच दिसतो. आणि रोज वाईट दिवशी दिसणारा माणूस हळूहळू आपल्याला वाईटच वाटू लागतो.

भेटू पुढच्या धड्यात!