पाठ ११ : आजोबांची सही

वाचण्यापूर्वी : तुमच्या घरात फ्यूज बॉक्स कुठे आहे? तो शेवटचा कोणी उघडला होता?

मार्चमधल्या एका शनिवारी आमच्या ब्रॅकनेलच्या घरी इलेक्ट्रिशियन आला. घरात काही बिघडलं नव्हतं. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. इंग्लंडमध्ये २०२० सालच्या नियमांप्रमाणे भाड्याच्या घरातली विजेची जोडणी निदान दर ५ वर्षांनी तपासून घ्यावी लागते. ही जबाबदारी घरमालकाची असते.

तेव्हा माझे आजोबा साताऱ्याहून आले होते. एरवी शनिवारी सकाळी ते चहा घेत मोबाइलवर पेपर वाचतात. त्या दिवशी मात्र त्यांनी आपली खुर्ची थेट फ्यूज बॉक्ससमोर आणून ठेवली. निवृत्त होण्याआधी आजोबा महाराष्ट्र शासनाचे विद्युत निरीक्षक होते.

इलेक्ट्रिशियननं एक पिवळं यंत्र काढलं आणि एकेक सॉकेट तपासायला सुरुवात केली. आजोबा माझ्या कानात म्हणाले, "तारेवरचं आवरण चांगलं आहे की नाही, ते बघतोय तो. आमच्याकडे या यंत्राला मेगर म्हणतात. पूर्वी त्याचा दांडा हातानं गरगर फिरवायला लागायचा."

"आजोबा, तुम्हीपण अशी घरं तपासायचात?"

"घरं नाही गं. साध्या घराची जोडणी परवाना असलेला ठेकेदार करतो आणि तोच चाचणीचा अहवाल देतो. आम्ही जायचो ते मोठ्या ठिकाणी. कारखाना, रुग्णालय, उंच इमारतीचं सबस्टेशन, मोठं जनरेटर. तिथलं सगळं तपासून आमची मंजुरी मिळाल्याशिवाय वीज सुरू करता येत नाही."

महाराष्ट्रात लिफ्टसुद्धा हाच विभाग तपासतो. मुंबईसारख्या शहरात लिफ्ट वाढल्या, तसा त्यांच्यासाठी १९३९ सालीच कायदा झाला. २०१७ साली त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. त्यात सरकते जिनेही आले.

मी विचारलं, "मग विद्युत निरीक्षक व्हायला काय शिकावं लागतं?"

आजोबांनी बोटांवर मोजून सांगितलं. पहिलं म्हणजे विद्युत अभियांत्रिकीची पदवी. दुसरं म्हणजे अनुभव. नियमांप्रमाणे निदान ८ वर्षं या क्षेत्रात काम केलेलं असावं लागतं. त्यातली निदान २ वर्षं कार्यशाळेत, वीजनिर्मितीत, वीजवितरणात किंवा विजेच्या कायद्याच्या अंमलबजावणीत, आणि तीही जबाबदारीच्या जागेवर गेलेली असावी लागतात. भारताच्या २००३ सालच्या विद्युत कायद्यानुसार सरकार अशा निरीक्षकांची नेमणूक करतं.

"आणि तिसरं?" मी विचारलं, कारण आजोबांचं तिसरं बोट अजून उघडंच होतं.

"तिसरं पुस्तकात नाही. 'नाही' म्हणता आलं पाहिजे. उद्या कारखान्याचं उद्घाटन आहे, पाहुणे येणार आहेत, मांडव घातलाय, आणि तू म्हणतेस अर्थिंग बरोबर नाही! लोक चिडतात. पण माझी सही म्हणजे 'आता इथे हात लावायला हरकत नाही' असं मी सांगितल्यासारखं आहे. ती घाईत करून कशी चालेल?"

तेवढ्यात चहा आला. इलेक्ट्रिशियननंही घेतला. त्यानं सांगितलं की तो सरकारी नोकर नाही, पण तपासणीची आणि चाचणीची वेगळी परीक्षा त्यानं दिली आहे. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी वीज सुरक्षित आहे की नाही, ते पाहणारे सरकारी निरीक्षक असतात. घरांसाठी मात्र त्याच्यासारखे पात्र लोक असतात.

तो गेल्यावर मी आजोबांना विचारलं, "तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड काय होतं?"

आजोबा जरा वेळ गप्प बसले.

"अपघाताची चौकशी. विजेच्या धक्क्यानं कुणी दगावलं, तर २४ तासांच्या आत आम्हाला कळवावं लागतं आणि ४८ तासांच्या आत लेखी अहवाल पाठवावा लागतो. मग निरीक्षक जागेवर जाऊन कारण शोधतो. एकदा मी एका गावात गेलो. एक तरुण शेतकरी पहाटे उसाला पाणी द्यायला विहिरीवर गेला होता. मोटार चालू करायला त्यानं लोखंडी पेटीला हात लावला आणि तिथेच गेला. लोक म्हणाले, हात ओला होता, त्याचं नशीब. मी म्हटलं, शेतकऱ्याचा हात ओला असणारच! चुकून पेटीत वीज उतरली, तर ती जमिनीत जावी, माणसातून जाऊ नये, म्हणून तर अर्थिंग असतं. मी माती उकरून पाहिलं. अर्थिंगची तार गंजून तुटली होती."

"मग?"

"दोष त्याच्या स्वतःच्या जोडणीत होता. तसं लिहिलं तर वीज कंपनीकडून भरपाई मिळणं कठीण. त्याचा बाप माझ्यासमोर उभा होता. 'साहेब, जरा सांभाळून लिवा,' म्हणाला. मी खरं तेच लिहिलं. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाकीच्या मोटारी बघितल्या, तर आणखी काही ठिकाणी तेच. मी खोटं लिहिलं असतं, तर त्या तारा कुणी बदलल्या असत्या का?"

दहा दिवसांनी आमच्या घराचा अहवाल आला. त्यात 'सी-१' म्हणजे आत्ताच धोका, 'सी-२' म्हणजे धोका होऊ शकतो आणि 'सी-३' म्हणजे सुधारणा केली तर बरं. आमच्याकडे एक 'सी-२' निघाला. बागेतलं गवत कापायचं यंत्र आम्ही ज्या सॉकेटवर लावतो, त्याला आर.सी.डी. नव्हता. वीज कुठे गळायला लागली, की हे उपकरण क्षणात ती बंद करतं.

आई म्हणाली, "घरमालक चांगले आहेत. उगाच कशाला मागे लागायचं? त्यांनी भाडं वाढवलं तर?"

आजोबा हळूच म्हणाले, "चांगले आहेत म्हणूनच सांगायचं. इथे गवत ओलंच असतं."

'सी-२' आला तर घरमालकानं २८ दिवसांच्या आत दुरुस्ती करून घ्यायची असते, आणि अहवालात त्याहून कमी मुदत दिली असेल तर त्या मुदतीत. आईनं ईमेल लिहिला. मी त्यात तारीख घातली. तिसऱ्या आठवड्यात तोच इलेक्ट्रिशियन परत आला. भाडं वाढलं नाही.

काम झाल्यावर आजोबांनी मला फ्यूज बॉक्सजवळ बोलावलं. "हे छोटं बटण दिसतंय? दाब."

टक्! स्वयंपाकघरातला फ्रीज गप्प झाला. मी खटका परत वर केला.

"दर सहा महिन्यांनी दाबायचं. आता या घराची निरीक्षक तू."

आजोबा आता साताऱ्याला परत गेलेत. फोनवर आधी अभ्यासाचं विचारतात. मग विचारतात, "बटण दाबलंस का?"

शब्दार्थ
निरीक्षक – तपासणी करणारा अधिकारी
ठेकेदार – ठरवलेल्या पैशांत काम करून देणारा
दगावणे – मरण पावणे
अर्थिंग – चुकून बाहेर आलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी
भरपाई – नुकसानीबद्दल मिळणारे पैसे
लिवा – 'लिहा' या शब्दाचे बोलीतले रूप

स्वाध्याय
१. विद्युत निरीक्षक होण्यासाठी कोणत्या दोन गोष्टी नियमाने लागतात? आजोबांनी कोणती तिसरी गोष्ट सांगितली?
२. "शेतकऱ्याचा हात ओला असणारच!" असे आजोबा का म्हणाले?
३. आजोबांच्या जागी तुम्ही असता, तर अहवालात काय लिहिले असते? पाच वाक्यांत लिहा.
४. 'मंजुरी मिळाल्याशिवाय वीज सुरू करता येत नाही.' याप्रमाणे 'विचारल्याशिवाय', 'तपासल्याशिवाय', 'जेवल्याशिवाय' हे शब्द वापरून वाक्ये करा.
५. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तुमच्या घरातले आर.सी.डी.चे बटण शोधा. काय दिसले, ते वर्गात सांगा.