बुद्धिमान बालकांचे शिक्षण : गावची शाळा की स्वतंत्र विद्यालय?

प्राथमिक शाळेच्या बहुतेक वर्गांत एक-दोन मुले अशी आढळतात की, गुरुजींनी फळ्यावर गणित मांडून पुरे करण्यापूर्वीच त्यांचे उत्तर तयार असते. पहिले काही दिवस त्यांचे कौतुक होते. पुढे वर्गाच्या गतीने चालावयाचे म्हणून ती स्वस्थ बसू लागतात, काही खोड्या करू लागतात, तर काहींना शाळेचाच कंटाळा येतो. अशा मुलांना गावच्या शाळेतच ठेवून त्यांच्या बुद्धीला पुरेसे खाद्य द्यावे, की निवड करून त्यांना वेगळ्या विद्यालयात पाठवावे, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रात जुना आहे. पाचवीतील मुलाच्या पालकांपुढे मात्र तो दरवर्षी नव्याने उभा राहतो.

वरणगावचे उदाहरण

जळगाव जिल्ह्यातील वरणगाव हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे ठिकाण होय. भुसावळ तालुक्यातील हे गाव केळी आणि कापसाच्या पट्ट्यात वसले आहे. १९६४ साली येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला आणि शेतकरी, शेतमजूर व व्यापारी यांच्या वस्तीशेजारी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कामगारांची वसाहत उभी राहिली. त्यामुळे मराठी प्राथमिक शाळा आणि कारखान्याच्या परिसरातील केंद्रीय विद्यालय अशा दोन्ही वाटा येथे जवळजवळ आहेत. याच तालुक्यात साकेगाव येथे जळगाव जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. म्हणजे निवडलेल्या मुलांचे निवासी विद्यालय वरणगावकरांना दूरचे नाही. तरीही त्यात प्रवेश घेणे म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाने घर सोडणे होय.

दोन विचारधारा

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपला अहवाल सादर केला. परिसरातील सर्व मुलांनी, मग ती कोणत्याही जातीची अगर आर्थिक स्तराची असोत, एकाच शाळेत शिकावे, ही परिसर शाळेची कल्पना आयोगाने आग्रहाने मांडली. सुस्थितीतील पालकांची मुले त्याच शाळेत असली म्हणजे त्या शाळेच्या सुधारणेकडे गावाचे लक्ष राहते, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानेही घराजवळच्या शाळेलाच पायाभूत स्थान दिले आणि प्रवेशासाठी चाळणी लावण्यास मनाई केली. नवोदय, केंद्रीय व सैनिकी विद्यालये यांचा निर्देश मात्र या कायद्याने विनिर्दिष्ट प्रवर्गातील शाळा म्हणून स्वतंत्रपणे केला.

दुसरी विचारधाराही तितकीच सद्हेतूची आहे. खेड्यातील हुशार मुलाला शहरातील धनिकांच्या मुलाइतकी संधी मिळावयाची असेल, तर शासनाने त्याच्यासाठी उत्तम शाळा काढली पाहिजे, असे ती सांगते. महाराष्ट्राने १९६० च्या दशकात शासकीय विद्यानिकेतने काढली ती याच भूमिकेतून. त्यांतील एक खानदेशात धुळे येथे सुरू झाले. त्या काळातील शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी हे याच जिल्ह्यातील खिरोद्याचे. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांची योजना देशभर नेली. तत्पूर्वी १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये प्रयोगादाखल उघडण्यात आली होती.

नवोदयची निवड कशी होते?

नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो व त्यासाठी पाचवीतील विद्यार्थी परीक्षेस बसतो. ही संधी एकदाच मिळते. दोन तासांच्या या परीक्षेत बौद्धिक क्षमता, अंकगणित आणि भाषा हे तीन विभाग असून त्यांपैकी निम्मे गुण बौद्धिक क्षमतेस आहेत. परीक्षा मराठीतून देता येते. एका विद्यालयात एका वर्षी जास्तीत जास्त ८० विद्यार्थी घेतले जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असून एकतृतीयांश जागा मुलींसाठी राखण्याचा नियम आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांनाही आरक्षण आहे. शिक्षण, निवास, भोजन, गणवेश व पुस्तके विनामूल्य मिळतात. नववीपासून काही प्रवर्गांतील विद्यार्थ्यांकडून विद्यालय विकास निधी घेतला जातो.

ग्रामीण जागेचा नियम पालकांनी नीट वाचणे अगत्याचे आहे. तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील शाळेत झाली असतील, तरच विद्यार्थी ग्रामीण समजला जातो. वरणगावात ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली आहे. तेव्हा गावाच्या हद्दीतील शाळेत शिकलेले मूल आणि शेजारच्या खेड्यात शिकलेले मूल यांची गणना या नियमाने वेगवेगळी होऊ शकते. अर्ज भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ही बाब पालकांना समजावून सांगितली पाहिजे.

चाळणीची मर्यादा

कोणतीही परीक्षा ही अखेर एका दिवसाची मोजणी असते. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली बुद्ध्यंकावरून मुले निवडून त्यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यावेळी तपासूनही जी मुले निवडीत बसली नाहीत, त्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ हे दोघे होते. पुढे शॉकली यांना १९५६ चे आणि अल्वारेझ यांना १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. लेखी परीक्षेने त्यांची प्रतिभा कोणालाच दिसली नसती. आजही वरणगाव परिसरातील अनेक मुलांच्या घरी लेवा गणबोली वा अहिराणी बोलली जाते, तर प्रश्नपत्रिका प्रमाण मराठीत असते. ज्या मुलाचा तर्क तीक्ष्ण आहे, पण पुस्तकी शब्दांचा सराव नाही, ते मूल भाषेच्या विभागात मागे पडू शकते. म्हणून निवड न झालेल्या मुलास सामान्य ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होय.

निवड झालेल्या मुलाचाही प्रश्न असतो. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा सर्वच हुशार मुलांच्या वर्गात तिसावा-चाळिसावा येऊ लागतो. अशा वेळी त्याचे ज्ञान वाढत असूनही स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास उणावू शकतो. हर्बर्ट मार्श या संशोधकाने १९८० च्या दशकापासून या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. याउलट, गावच्या वर्गात ज्याच्याशी बरोबरीने बोलणारे कोणी नव्हते, त्या मुलास निवासी विद्यालयात प्रथमच सवंगडी भेटतात, हाही लाभ लहान नाही. कोणता परिणाम अधिक होईल, हे मुलाच्या स्वभावावर आणि तेथील शिक्षकांच्या ममतेवर अवलंबून राहते. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकविताना तेथील छात्रालय सांभाळले. घरापासून दूर असलेल्या मुलाला शिक्षकाची माया किती लागते, याचा तो धडा खानदेशाने जवळून पाहिला आहे.

मधली वाट

या दोन टोकांच्या दरम्यान एक वाट आहे. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. आरंभी मुले आपापल्या शाळेतच शिकत आणि शाळेबाहेरच्या वेळात त्यांच्यासाठी विशेष कार्यक्रम घेतले जात. बुद्धिमान मुलांची स्वतंत्र प्रशाला त्यानंतर, १९६९ मध्ये निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी पूरक अभ्याससाहित्य आणि शाळा, शाळासमूह व जिल्हा या पातळ्यांवर विषयवार मंडळे सुचविली आहेत.

जिल्हा परिषद व नगरपरिषदेच्या शाळांना ही वाट मोठ्या खर्चावाचून अनुसरता येईल. केंद्रातील आठ-दहा शाळांतील जिज्ञासू मुले पंधरा दिवसांतून एकदा केंद्रशाळेत एकत्र आणावीत. गणिताची आवड असलेल्या शिक्षकाने त्यांना कोडी द्यावीत. विज्ञानाच्या शिक्षकाने त्यांच्याकडून मृदा, पाणी व पिके यांचे निरीक्षण लिहून घ्यावे. केळीच्या एका बागेस किती पाणी लागते, हा हिशेब पाचवीच्या मुलाला पाठ्यपुस्तकापलीकडे नेण्यास पुरेसा आहे. वर्गात काम लवकर संपविणाऱ्या मुलास तीच उदाहरणे पुन्हा न देता अधिक अवघड उदाहरण द्यावे. वर्गमित्रांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे अधूनमधून जरूर सोपवावे, परंतु तेवढ्यावर त्याची बोळवण करू नये. मंडळात येण्यासाठी एकाच परीक्षेची अट नसावी. शिक्षकांनी वर्षभर केलेल्या नोंदींवरून मुले घ्यावीत आणि वर्षाच्या मध्येही नवीन मुलास वाव ठेवावा.

निर्णय घेताना

निवड झाल्यावर मुलास पाठवावे की नाही, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. पालक व शिक्षक यांनी एकत्र बसून काही गोष्टी तपासाव्यात. जाण्याची इच्छा मुलाची स्वतःची आहे, की केवळ घरच्यांची? आजवर ते घराबाहेर चार दिवस तरी राहिले आहे काय? गावात सहावी ते दहावीचे गणित व विज्ञानाचे अध्यापन कसे आहे? घरी अभ्यासाला जागा, उजेड व वेळ मिळतो काय? नवोदय विद्यालयात आठवीनंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते आणि नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी वर्षभरासाठी परभाषी राज्यातील विद्यालयात पाठविले जातात, याची पूर्वकल्पना मुलास दिली आहे काय? ज्या घरी मुलीचे शिक्षण सातवी-आठवीत थांबण्याचा धोका आहे, तेथे बारावीपर्यंत हमखास शिक्षण देणाऱ्या निवासी विद्यालयाचे पारडे जड ठरते. उलट घर शिक्षणास अनुकूल असून मूल फार हळवे असेल, तर गावची शाळा आणि वर वर्णिलेले मंडळ त्यास अधिक मानवेल.

पंचायत सदस्य, नगरसेवक आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांची जबाबदारी याहून व्यापक आहे. या समित्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. नवोदयला किती मुले लागली, याचा फलक शाळेच्या दारावर लावणे योग्यच आहे. परंतु समितीच्या बैठकीत जी मुले परीक्षेला बसली आणि राहिली, त्यांच्यासाठी यंदा शाळेने काय केले, हाही प्रश्न विचारला जावा. जिल्ह्यातील ८० मुलांची सोय साकेगावी होते. त्यांच्यानंतर यादीत ८१ वे येणारे मूल वरणगावच्याच बाकावर बसलेले असेल. त्याच्यासाठी पुस्तकांचे कपाट उघडे ठेवणे आणि त्याच्या प्रश्नाला वेळ देणे, हे गावच्या शाळेचे काम आहे व ते गावच्याच शाळेला करावे लागणार आहे.