वर्दी, बिल्ला आणि टाय : अधिकार कोणाचा ?

1 जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देताना किंवा 14 एप्रिलच्या मिरवणुकीत काही तरुण लष्करी छापाचे कपडे घालून आणि टोपीला महार रेजिमेंटचा बिल्ला लावून येतात. त्यांची भावना चांगली असते. परंतु जो बिल्ला आपण कमावला नाही तो लावावा काय, याचा विचार सहसा होत नाही.

कपडा आणि चिन्ह या दोन भिन्न गोष्टी आहेत. कपडा कोणाच्या मालकीचा नाही. अस्पृश्याने चांगले वस्त्र नेसू नये असा दंडक ज्या देशात होता, तेथे प. पू. बाबासाहेब कोट-टाय घालून ताठ उभे राहिले. त्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी घेतली नाही, आपणही घेण्याचे कारण नाही. चिन्ह मात्र साक्ष देते. ‘मी या पलटणीत नोकरी केली’ असे ते न बोलता सांगते. इंग्लंडात पलटणीच्या रंगांचे पट्टे असलेला टाय निवृत्त सैनिक साध्या कोटावर बांधतात. तो भलत्याच माणसाने बांधला आणि एखाद्या वृद्ध सैनिकाने ‘कोणती बटालियन ?’ असे विचारले, तर उत्तर देणे जड जाते. आपल्या बाजारातला साधा पट्ट्यांचा टाय मात्र खुशाल बांधावा.

आता महार रेजिमेंटचा बिल्ला घ्या. 1892-93 च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या वाडवडिलांनी पलटणीत हयात घालविली, त्यांच्या मुलांना भरतीच्या दारातून परत पाठविले. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज करून सैन्य व पोलिसांत प्रवेश मागितला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभारली, आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडली. पुढे बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. नंतर त्या जागी मशीनगनची जोडी व खंजीर आले. एवढ्या खटपटीने मिळालेली वस्तू दुकानातून विकत घेऊन लावणे मला तरी पटत नाही.

कोणी म्हणेल, रेजिमेंटला आपल्या समाजाचे नाव आहे, मग बिल्ला आपलाच. हे बरोबर नाही. या रेजिमेंटमध्ये आज सर्व प्रांतांचे व जातींचे जवान आहेत. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीर चक्र मिळविणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे 8 महारचे. जन्माने ते आपल्या समाजाचे नव्हते, तरी तो बिल्ला पूर्णपणे त्यांचा होता. मी बँकेत क्लार्क आहे. जन्माने वारसाहक्क मिळतो तो खात्यातील रकमेवर, हुद्द्यावर नाही !

आपल्या धम्मातही याला आधार आहे. विनयात ‘थेय्यसंवासक’ असा शब्द येतो. उपसंपदा न घेता स्वतःच चीवर चढवून जो संघात राहतो, तो चोरीने राहणारा ठरतो आणि त्याला पुढे उपसंपदा मिळत नाही. केस काढलेले आणि चीवर नीट असले तरी भागत नाही.

कायदाही माहीत असावा. सैनिक असल्याचे भासविण्याच्या हेतूने सैनिकासारखा पोशाख घालणे किंवा चिन्ह बाळगणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम 140 खाली गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 168 लागू आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुद्दा हेतूचा आहे. म्हणून नाटकातला सुभेदार आणि शाळेच्या संमेलनातला छोटा जवान गुन्हेगार नाहीत. परंतु जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटला अतिरेकी लष्करी वेषात आले, त्यानंतर लष्कराने असे कपडे विकू व वापरू नयेत असे आवाहन केले, आणि 2022 मध्ये आपल्या नव्या गणवेशाच्या छापाची अधिकृत नोंदणी करून घेतली.

समता सैनिक दलाची गोष्ट वेगळी. त्याचा गणवेश दलाचाच आहे, तो सैन्याचा असल्याचा दावा करीत नाही. ज्याला शिस्तीत चालायचे आहे त्याने दलात नाव नोंदवावे.

राहता राहिला घरातील पदकांचा प्रश्न. वडील सैन्यात होते, आता हयात नाहीत. मुलाने त्यांची पदके लावावीत काय? पदक मिळविणारा ते डाव्या छातीवर लावतो. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात वारस ती उजव्या छातीवर लावतात, त्यामुळे ती दुसऱ्याची आहेत हे पाहणाऱ्यास कळते. ही रीत मला चांगली वाटते. गणवेश मात्र घालू नये. धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवावा. पिंपळगाव राजा परिसरातील ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांनी पदकांबाबत शंका असल्यास वडिलांची सेवेची कागदपत्रे घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.