आयसीडी बसविल्यानंतर : रुग्ण, कुटुंब आणि कुटुंबवैद्य

हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदयक्रिया अचानक बंद पडणे या दोन घटना बोलण्याच्या ओघात आपण एकच मानतो. वस्तुतः त्या भिन्न आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. तो रक्तपुरवठ्याचा बिघाड होय. हृदयक्रिया अचानक बंद पडते ती मात्र बहुतेक वेळा हृदयातील विद्युत्-संदेशांच्या बिघाडाने. पहिल्या घटनेतून दुसरी उद्भवू शकते. परंतु झटका येऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी, अथवा झटका कधीच न येताही, ती घडू शकते.

आयसीडी म्हणजेच इम्प्लांटेबल कार्डिओव्हर्टर डिफिब्रिलेटर हे यंत्र या विद्युत्-बिघाडासाठी आहे. पूर्वी ही महानगरांतील इस्पितळांची गोष्ट होती. आता बेळगुंदीच्या पंचक्रोशीत वैद्यकी करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरच्या दवाखान्यातही असे रुग्ण येतात. यंत्र बसविणे हे तज्ज्ञांचे काम. परंतु घरी परतल्यावर रुग्ण जी वर्षे त्या यंत्रासह काढतो, ती कुटुंबाच्या आणि कुटुंबवैद्याच्या सोबतीने. यंत्र प्रसंगी काही सेकंद काम करते. उरलेले सारे काम आपल्याला करावे लागते. प्रस्तुत लेख त्या उरलेल्या कामाविषयी आहे.

लय बिघडते म्हणजे काय?

विश्रांतीच्या अवस्थेत निरोगी हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातील एका छोट्या केंद्रातून संदेश निघतो आणि ठरलेल्या मार्गाने खालच्या कप्प्यांत पोचतो. जुन्या झटक्याने स्नायूत व्रण राहिला असेल, स्नायू दुबळा वा जाड झाला असेल, किंवा जन्मजात दोष असेल, तर खालचे कप्पे स्वतःच अतिवेगाने धडधडू लागतात. यास व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. त्याच्या पुढची पायरी व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनची. तीत हृदय केवळ थरथरते, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही सेकंदांतच शुद्ध हरपते. छातीवर दाब देण्याची मदतही मिळाली नाही, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. आमच्या गावापासून बेळगावचे मोठे इस्पितळ गाठण्यास लागणारा वेळ ध्यानात घेतला, म्हणजे उपचाराचे साधन रुग्णाच्या छातीतच असण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

एका मित्राच्या मृत्यूतून जन्मलेले यंत्र

पोलंडमध्ये जन्मलेले डॉ. मिशेल मिरोव्स्की इस्रायलमध्ये काम करीत असताना १९६६ साली त्यांचे ज्येष्ठ स्नेही डॉ. हॅरी हेलर अशाच लय-बिघाडाने दगावले. असा रुग्ण कायमचा इस्पितळात ठेवता येत नाही आणि घरी सोडला तर जीव धोक्यात. मग शॉक देणारे यंत्रच शरीरात का बसवू नये, असा विचार मिरोव्स्कींनी केला. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथील सिनाई इस्पितळात डॉ. मॉर्टन मॉवर यांच्यासह त्यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. बाहेरून द्यावयाच्या शॉकचे आधुनिक यंत्र ज्यांनी रूढ केले, त्या डॉ. बर्नार्ड लाऊन यांनीच १९७२ साली या कल्पनेवर कठोर टीका केली होती. तथापि ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात एका महिलेच्या शरीरात पहिले यंत्र बसविले गेले आणि १९८५ साली अमेरिकी शासनाची मान्यता मिळाली. त्या काळी छाती उघडावी लागे आणि यंत्र पाव किलोच्या आसपास असे. आज गळपट्टीच्या हाडाखाली छोटी चीर देऊन, शिरेतून वायर हृदयात पोचवून ते बसविता येते. वायर शिरेत न घालता त्वचेखाली बसविण्याचा प्रकारही उपलब्ध आहे.

कोणाला द्यावे?

ढोबळमानाने दोन गट आहेत. हृदयक्रिया बंद पडूनही जे वाचले, किंवा ज्यांना घातक टॅकिकार्डिया होऊन गेला, त्यांचा पहिला गट. अशा रुग्णांत औषधांपेक्षा यंत्र सरस असल्याचे १९९७ च्या अ‍ॅव्हिड या अभ्यासात दिसले. दुसरा गट अद्याप प्रसंग न ओढवलेल्यांचा. परंतु उत्तम औषधोपचारानंतरही ज्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के वा त्याखाली राहते, त्यांचा. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांचे मृत्यू यंत्रामुळे २३ टक्क्यांनी घटले. मात्र हा लाभ सर्वांना सारखा नाही. झटक्याखेरीज अन्य कारणाने हृदय दुबळे झालेल्यांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या २०१६ च्या अभ्यासात एकूण मृत्युदर लक्षणीय घटला नाही. तरुण रुग्णांना त्यातल्या त्यात अधिक लाभ झाला. म्हणून वय, इतर आजार आणि रुग्णाची इच्छा यांचा विचार आधी व्हावा. खर्च काही लाखांच्या घरात जातो, आणि बॅटरी साधारण सात ते दहा वर्षांनी संपली की यंत्र बदलावे लागते, हेही कुटुंबास प्रारंभीच सांगितलेले बरे.

आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावी. आयसीडी मूळ रोग बरा करीत नाही. हृदय बळकट करणारी औषधे सोडून ‘आता मशीन आहे’ म्हणून निर्धास्त राहणे घातक ठरते. निपाणी भागातील तंबाखूच्या अर्थकारणावर आपल्याकडील किती तरी घरे उभी राहिली. तरीही रुग्णाच्या तोंडातील तंबाखू आणि हातातील विडी सुटलीच पाहिजे, याला पर्याय नाही.

शॉक बसला तर

यंत्र दोन प्रकारे काम करते. पुष्कळदा ते वेगवान ठोक्यांवर आणखी वेगाचे सूक्ष्म संदेश देऊन लय ताळ्यावर आणते. रुग्णाला ते जाणवतही नाही. ते निष्फळ ठरल्यास, किंवा फिब्रिलेशन असल्यास, शॉक देते. छातीत जनावराने लाथ मारल्यासारखे वाटले, असे वर्णन रुग्ण करतात.

घरातील मंडळींनी पुढील नियम पाठ करावेत. एक शॉक बसला आणि लगेच पूर्ववत् बरे वाटले, तर घाबरू नये. त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांशी संपर्क साधून यंत्र तपासून घ्यावे. शॉकनंतर छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ राहिली, अथवा चोवीस तासांत दुसरा शॉक बसला, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. लय-बिघाड चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा झाल्यास त्यास विद्युत्-वादळ म्हणतात. ती निकडीची अवस्था होय. रुग्ण बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर यंत्र आहे म्हणून वाट पाहू नये. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देण्यास प्रारंभ करावा. त्या वेळी यंत्राने शॉक दिलाच, तर स्पर्श करणाऱ्यास फार तर झिणझिणी येते. इजा होत नाही.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आहे मोलाचा. माझ्या एका रुग्णाची पत्नी, यंत्राचा करंट आपल्याला लागेल या भीतीने कित्येक महिने त्यांच्या जवळ बसतही नव्हती. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही आणि कोणी तिला विचारलीही नाही. त्यांना मात्र वाटत होते की आपण घराला नकोसे झालो. दोघांना समोरासमोर बसवून पाच मिनिटे बोलल्यावर जो उलगडा झाला, तो कोणत्याही गोळीने झाला नसता. आयसीडीच्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णात लक्षणीय चिंता वा नैराश्य आढळते. शॉकच्या धास्तीने काही जण शेतात जाणे, देवदर्शन, फिरणे, दांपत्यजीवन सारे सोडून देतात. प्रकृती स्थिर असेल तर यातील काहीही वर्ज्य नाही. प्रत्येक भेटीत ‘झोप कशी लागते, मनात भीती असते का’ हे आपण आपणहून विचारावे.

प्रत्येक शॉक योग्य कारणाने बसतो असेही नाही. वरच्या कप्प्यांचा अनियमित वेग किंवा तुटलेली वायर यांनीही यंत्राची दिशाभूल होते. २०१२ च्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात, यंत्राने किती वेगावर आणि किती वेळ थांबून कृती करावी हे नीट ठरवून दिल्यास असे अनाठायी उपचार तीन-चतुर्थांशांहून अधिक घटतात, इतकेच नव्हे तर मृत्यूही कमी होतात, असे आढळले. तेव्हा वारंवार शॉक बसणाऱ्या रुग्णास ‘सहन करा’ असे न सांगता यंत्राच्या प्रोग्रॅमिंगसाठी पाठवावे.

घरात आणि शिवारात

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये. गवताचा भारा, पाण्याची घागर उचलू नये. मात्र हात अगदीच बांधून ठेवल्यास खांदा आखडतो. साध्या हालचाली चालू ठेवाव्यात.

मोबाइल यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर, विरुद्ध बाजूच्या कानाला धरावा. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. चुंबक बसविलेल्या काही नव्या फोनमुळे शॉक देण्याचे कार्य तात्पुरते थांबू शकते, हे २०२१ मध्ये निदर्शनास आले. गणेशोत्सवातील डॉल्बीच्या स्पीकरमध्येही मोठे चुंबक असते. मिरवणूक जरूर पाहावी, स्पीकरला टेकून उभे राहू नये. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवावे. वेल्डिंगचे काम करणाऱ्याने तज्ज्ञांना विचारल्याखेरीज पुन्हा यंत्र हाती घेऊ नये. घरातील टीव्ही, मिक्सर, सुस्थितीतील शिलाई मशीन यांचे भय नाही.

आपल्या ग्रामीण भागात खरा धोका सदोष अर्थिंगचा. आमच्या भागातील एका शेतकऱ्यास ओल्या पायांनी मोटरच्या स्टार्टरला हात लावताच शॉक बसला. तपासणीत हृदयाची लय उत्तम होती. गळतीच्या विजेचे तरंग यंत्राने फिब्रिलेशन समजून घेतले होते. विहिरीवरील मोटर, न्हाणीघरातील गीझर, वॉशिंग मशीन यांचे अर्थिंग तपासून घेणे हा अशा घरात उपचाराचाच भाग समजावा.

वाहन चालविण्याबाबत सबुरी हवी. घातक लय-बिघाडानंतर यंत्र बसविले असेल, किंवा योग्य कारणाने शॉक बसला असेल, तर साधारण तीन महिने दुचाकी, ट्रॅक्टर वा मोटार चालवू नये. ट्रक-बस चालविण्याचा व्यवसाय सोडावा लागतो. पोहताना व विहिरीत उतरताना एकटे असू नये.

व्यवसायबंधूंसाठी

१. यंत्राच्या ओळखपत्राची प्रत आपल्या दवाखान्यात ठेवावी. प्रत्येक कंपनीचे तपासणी-यंत्र वेगळे असते. ऐनवेळी हे कार्डच उपयोगी पडते.

२. यंत्राच्या जागी सूज वा लाली आल्यास सुई घालून पाणी काढू नये, नुसत्या गोळ्यांवर विसंबू नये. जेथे यंत्र बसविले तेथे पाठवावे.

३. पावसाळ्यातील जुलाब-उलट्या आणि एकादशीचा निर्जळी उपवास यांत पोटॅशियम घटते, आणि लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच. शॉकचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

४. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डॉमपेरिडोन, ऑन्डॅन्सेट्रॉन ही रोजच्या वापरातील औषधे क्यूटी अंतर वाढवितात. देण्यापूर्वी विचार करावा. अमिओडारोन घेणाऱ्याची थायरॉइड व यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी.

५. शॉर्टवेव्ह डायथर्मी देऊ नये. एमआरआय किंवा कॉटरी वापरावयाची शस्त्रक्रिया असल्यास आधी तज्ज्ञांशी बोलावे.

६. ईसीजीवर घातक लय नसताना शॉक बसत असल्याची खात्री झाल्यास, यंत्रावर वैद्यकीय चुंबक ठेवल्याने बहुतेक यंत्रांतील शॉक थांबतात व पेसिंग चालू राहते. रुग्णास मॉनिटरवर ठेवून, इस्पितळात पोचेपर्यंतचा हा उपाय आहे.

अखेरच्या दिवसांत आणि त्यानंतर

हा विषय काढणे अवघड, पण टाळणे अधिक क्लेशकारक. कर्करोग वा हृदयदौर्बल्याच्या अंतिम अवस्थेतील रुग्णास वारंवार शॉक बसत राहिले, तर शांत मरण दुरावते. रुग्ण व कुटुंबीयांशी बोलून, तज्ज्ञांच्या संमतीने केवळ शॉकचे कार्य बंद करता येते. त्याने मृत्यू ओढवत नाही, आणि ते बंद करताना रुग्णास वेदनाही होत नाही. ही चर्चा रुग्ण शुद्धीत असतानाच व्हावी.

दहनापूर्वी यंत्र काढणे आवश्यक आहे, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. ब्रिटनमधील सोलिहल येथील दाहगृहात १९७६ साली असा स्फोट झाला होता. आपल्याकडे चितेभोवती आप्तेष्ट उभे असतात, हे विसरू नये. मात्र शॉकचे कार्य आधी बंद केल्याविना वायर कापू नये. कापणाऱ्यास शॉक बसू शकतो.

काढलेल्या यंत्राचेही एक पुण्यकर्म आहे. अमेरिकेत मृतांच्या व यंत्र बदललेल्यांच्या शरीरातून काढलेली, तीन वा अधिक वर्षांची बॅटरी शिल्लक असलेली यंत्रे निर्जंतुक करून मुंबईतील गरजू रुग्णांना बसविण्यात आली. डॉ. बेहझाद पावरी, डॉ. यश लोखंडवाला व सहकाऱ्यांनी २०१२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ८१ रुग्णांना १०६ यंत्रे बसविली गेली. ४४ जणांना त्यांनी योग्य वेळी उपचार दिला. जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. दात्यांची यंत्रे नीट नोंद ठेवून, संमतीने व नियमांच्या चौकटीत पुन्हा वापरता आली, तर आपल्याकडील अनेक कुटुंबांना आधार मिळेल. आपल्या संघटनेने या प्रश्नात लक्ष घालावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी शॉकचे नियम लिहून भिंतीवर लावावेत, आणि ज्या दवाखान्यात तो येतो तेथील डॉक्टरांनी त्याचे कार्ड आजच मागून घ्यावे. एवढे झाले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.