आकाशगंगा जात्यासारखी फिरते काय?

थळच्या परिसरातील एका शाळेत पाठ पाहत असता शिक्षकांनी फळ्यावर आकाशगंगेचे चित्र काढून ती जात्याप्रमाणे फिरते, असे सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, “आपण तिच्यातच आहोत ना? मग ती फिरते हे कोणी पाहिले?” तास संपला आणि प्रश्न तसाच राहिला. प्रश्न उत्तम होता. उपमा मात्र चुकीची होती.

प्रथम मुलांस आकाशगंगा दाखवावी. कोजागिरीनंतर पाच-सहा दिवसांनी, सायंकाळी साडेसातच्या सुमारास, दिव्यांपासून दूर किनाऱ्यावर उभे राहून नैर्ऋत्येस पाहावे. धनु राशीतून वर चढत जाणारा पांढुरका पट्टा दिसेल. आपल्या दीर्घिकेचे केंद्र त्याच दिशेस, सुमारे 26,000 प्रकाशवर्षे दूर आहे. सुरूच्या बनात उभे राहिले असता सभोवार झाडांची दाटी दिसते, पण वर आकाश मोकळे असते. ताऱ्यांच्या चपट्या तबकडीत आपण असेच उभे आहोत. म्हणून तिचा पट्टा दिसतो. या तबकडीचा व्यास सुमारे 1,00,000 प्रकाशवर्षे आहे.

पट्ट्यात काळे डाग दिसतात, ते धुळीचे ढग होत. त्यांच्यापलीकडील ताऱ्यांचा प्रकाश अडतो. पावसाच्या दाट सरींत खांदेरीचा दीप दिसेनासा होतो, तरी होडीच्या इंजिनाचा आवाज कानी येतो. त्याचप्रमाणे ताऱ्यांमधील विरळ हायड्रोजन वायूपासून निघणाऱ्या 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी धुळीतून पार येतात. अशा लहरी येत असाव्यात, हे व्हान द हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने 1944 साली वर्तविले. 1951 साली अमेरिकेत यूएन व पर्सेल यांनी त्या प्रथम टिपल्या. भोंगा वाजवीत येणाऱ्या एस.टी.चा स्वर चढा आणि दूर जाताना उतरता वाटतो. त्या न्यायाने जवळ येणाऱ्या वायूच्या लहरी किंचित आखूड व दूर जाणाऱ्याच्या लांब होतात, आणि त्यावरून वेग काढता येतो. त्या मुलीस हेच उत्तर द्यावयाचे.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण या लहरीही टिपते. तिच्या 30 तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास 45 मीटर असून त्या पत्र्याच्या नव्हेत, तर बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या मुलांस हे अवश्य सांगावे. लहरीच्या लांबीहून भोके पुष्कळ लहान असली, की लहर जाळीतून निसटत नाही.

आता जात्याची गोष्ट. जात्याचा काठ व मध्य एकाच वेळी फेरा पुरा करतात. दीर्घिकेत तसे नाही. केंद्रालगतचा भाग सोडता फार मोठ्या अंतरापर्यंत तारे व वायू यांचा वेग जवळजवळ सारखाच, सेकंदास 220 ते 230 किलोमीटर, आढळतो. सूर्यास एका फेऱ्यास सुमारे 23 कोटी वर्षे लागतात; आतील ताऱ्यांस कमी, बाहेरील ताऱ्यांस अधिक.

हे वाळूवर करून दाखवावे. 2, 4 व 6 मीटर त्रिज्येची वर्तुळे आखून प्रत्येकावर एक मूल, तिघेही एका रेषेत, उभे करावे. सर्वांनी सारख्याच चालीने चालावे. बाहेरच्याचा एक फेरा होतो तो आतल्याचे तीन होतात, आणि रेषा केव्हाच मळसूत्रासारखी वळते.

येथे चाणाक्ष मूल विचारील, की सूर्याचे आजवर वीसेक फेरे झाले, तर दीर्घिकेच्या भुजा गुंडाळून नाहीशा कशा झाल्या नाहीत? वडखळ नाक्याची कोंडी आठवावी. गाड्या बदलत राहतात, कोंडी मात्र जागेवर दिसते. भुजा याही बऱ्याच अंशी ताऱ्यांच्या व वायूच्या अशा दाटीच्या लाटा होत, असे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. तारे त्यांत शिरतात आणि पुढे निघून जातात.

आणखी एक कोडे उरते. पृथ्वी सेकंदास सुमारे 30 किलोमीटर धावते, दूरचा नेपच्यून केवळ साडेपाच. मग दीर्घिकेतील दूरचे तारे मंद का नाहीत? न दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांस आवरून धरीत असावे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ते द्रव्य कशाचे आहे, हे अद्याप उलगडलेले नाही. वरच्या इयत्तांस हे निःसंकोच सांगावे.

खोडद येथे 28 फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनी, प्रदर्शन भरते. सहलीचा विचार करणाऱ्या शाळांनी दिवाळीच्या सुटीपूर्वीच पालकसभेत विषय काढावा.