जुना कॉम्प्युटर इतक्यात देऊ नका

नवा कॉम्प्युटर टेबलावर आला, चालू झाला, त्यावरून प्रिंटही निघाली, म्हणून जुना त्याच संध्याकाळी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. एक्स्चेंजचे चार पैसे बुडाले तर बुडू द्या. मुकुटबनला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वणीहून नवं मशीन घेऊन आलेले लोक जुन्यातला डेटा काढायला माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

हल्ली असे लोक वाढलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ जुन्या मशीनवर सरळ चढत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कृषी केंद्रवाले, जिनिंगचे मुनीम, सेवा केंद्र चालवणारी पोरं, सिमेंट कारखान्याला गाड्या लावणारे ट्रकमालक, सगळ्यांवर मशीन बदलायची पाळी एकदमच आली. विकणारा म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, डेटा टाकून देतो." त्या शब्दावर विसंबलं की काय होतं, ते मी माझ्या दुकानात पाहिलं आहे.

माझं जुनं मशीन विंडोज ७ चं होतं. त्यावर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका होत्याच, पण एक काम त्या सगळ्यांहून मोलाचं होतं. कोलाम पोडांवरच्या, म्हणजे कोलामांच्या वाड्यांवरच्या, शाळांमध्ये उभी नोकरी काढलेले एक गुरुजी निवृत्तीनंतर दुपारी दुकानात येऊन बसायचे. आमच्या झरी-जामणी तालुक्यात कोलामांची वस्ती मोठी. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, त्यांतली ही एक. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. कोलामी बोली द्रविड कुळातली, म्हणजे मराठीपेक्षा पैनगंगेपलीकडच्या तेलुगूच्या नात्यातली. बर्कलीचे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचं कोलामीवरचं पुस्तक १९५५ साली निघालं, पण ते इंग्रजीत. गुरुजी पोडावरच्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेले शब्द, गवतांची आणि कंदांची नावं, लग्नातली गाणी देवनागरीत उतरवून घेत होते. वहीतून मी टाइप करायचो आणि ते शेजारी बसून एकेक अक्षर तपासायचे. वह्यांची पानं उधईने खाल्ली, म्हणून तर हे सगळं कॉम्प्युटरवर आणलं होतं.

नवं मशीन बसवायला माणूस आला तेव्हा मी कागद आणायला वणीला गेलो होतो. त्याने डी ड्राइव्ह पूर्ण नव्यावर घेतला आणि जुनं मशीन मुलांच्या कामाला येईल म्हणून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर विंडोज पुन्हा टाकलं. बहुतेक बसवणाऱ्यांच्या डोक्यात हाच हिशेब असतो: सी मध्ये विंडोज, डी मध्ये डेटा. प्रत्यक्षात डेस्कटॉपवर दिसणारं फोल्डर असतं सी ड्राइव्हमध्येच, 'यूजर्स' नावाच्या फोल्डरात, आपल्या नावाखाली. माय डॉक्युमेंट्स तिथेच, डाउनलोड्स तिथेच, मोबाइलमधून उतरवलेले फोटोही बहुधा तिथेच. गुरुजींचं फोल्डर डेस्कटॉपवर होतं, कारण मशीन लावल्याबरोबर ते डोळ्यांसमोर दिसावं असा त्यांचा आग्रह होता.

दुसऱ्या दिवशी ते आले, नव्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं फोल्डर कुठं गेलं जी?"

अशा वेळी पहिलं काम म्हणजे त्या जुन्या डिस्कवर आणखी काहीही लिहिलं जाऊ न देणं. आम्ही मशीन तिथल्या तिथे बंद केलं, हार्ड डिस्क काढली आणि साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. घाईत केलेलं, म्हणजे 'क्विक' फॉरमॅट फाइली पुसत नाही, नुसती त्यांची यादी पुसतं. फाइल डिस्कवर पडून असते, ती कुठे आहे हे सांगणारं कोणी उरत नाही. फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम डिस्क चाळून, फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून तिला ओळखून बाहेर काढतो. पण नावं परत येत नाहीत. वर्डच्या हजारो फाइली नुसत्या आकड्यांच्या नावाने समोर आल्या. त्यांत तहसीलचे अर्ज, पत्रिकांचे मसुदे आणि गुरुजींचे शब्द सगळं एकत्र. नवं विंडोज जिथे लिहिलं गेलं होतं तिथल्या फाइली गेल्याच. गाण्यांचा बराचसा भाग त्यात गेला. आणि हे जेवढं मिळालं तेवढंही फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क होती म्हणून. आता बहुतेक मशीनमध्ये एसएसडी असते. तिच्यात फॉरमॅट झाल्यावर विंडोज रिकाम्या जागेची खबर डिस्कला देतं आणि डिस्क ती जागा स्वतःच साफ करते. तिथून परत मिळण्याची आशा जवळपास धरूच नये.

यापुढची अडचण मराठीची, आणि ती ज्याच्याकडे जुनं टायपिंग आहे त्या प्रत्येकाची आहे. फाइली उघडल्या तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं. 'राम' जिथे टाइप केलं होतं तिथे जे, के आणि ई ही तीन अक्षरं. लोक याला व्हायरस समजतात आणि फाइल पुसून टाकतात. तसं अजिबात करू नका, फाइल शाबूत असते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजीच असतो. फॉन्ट फक्त त्या अक्षरांना मराठी रूप देतो. फॉन्ट जुन्या मशीनवर राहिला की मजकूर वाचता येत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधला सुरेख, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. कृतिदेवच्या नावापुढे ०१०, ०५५ असे आकडे असतात, तेही जुळवून घ्या. म्हणून मशीन बदलताना फाइलींच्या आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं 'फॉन्ट्स' हे फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. मला गुरुजींच्या फाइलींचा फॉन्ट शेवटी एका मित्राच्या बंद पडलेल्या दुकानातल्या मशीनवर मिळाला.

जुनं मशीन चालू असेल तर याहून पक्का उपाय आहे. महत्त्वाची प्रत्येक मराठी फाइल त्याच मशीनवर उघडा आणि तिथूनच पीडीएफ करा. वर्ड २०१० पासून ही सोय आतच आहे. जुन्या वर्डला पीडीएफचा प्रिंटर वेगळा टाकावा लागतो. पीडीएफमध्ये अक्षरांची रूपं आत बांधली जातात, मग नव्या मशीनवर फॉन्ट असो नसो, वाचता येतं. पत्रिका छापणाऱ्यांनी तर हे आजच करावं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतीलच असं नाही, आणि पानावर लावलेले फोटो फाइलच्या बाहेर, दुसऱ्याच फोल्डरात असतात. नुसती पत्रिकेची फाइल नेली तर देवाचा फोटो मागे राहतो.

पीडीएफ झाल्यावर युनिकोडकडे वळा. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून मंगलमध्ये टाइप केलेलं निर्मलामध्येही वाचता येतं, मोबाइलवरही. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांनी दिलेलं जसंच्या तसं वापरू नका. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. ती आणि रफार चुकीच्या जागी बसतात. अर्जात मध्येच इंग्रजी नाव किंवा ईमेल असेल तर कन्व्हर्टर त्याचंही मराठी करून टाकतो. गुरुजींच्या कामात हे सगळ्यात जास्त नडलं. कोलामीत 'ए' ऱ्हस्वही आहे आणि दीर्घही. मराठी लिहिताना हा फरक दाखवायची वेळच येत नाही, म्हणून त्यांनी फॉन्टमधलं एक चिन्ह त्यासाठी ठरवलं होतं. कन्व्हर्टरला ते माहीत नव्हतं, त्याने ते सरसकट गाळलं. पीडीएफ शेजारी ठेवून एकेक शब्द पाहणं एवढाच त्याला मार्ग. गुरुजी अजूनही ते करत आहेत, आणि गेलेल्या गाण्यांसाठी पुन्हा पोडावर जात आहेत. गाणं सांगणाऱ्या काही बाया आता राहिल्या नाहीत.

फाइली नेताना 'कट' करू नका, 'कॉपी'च करा. मध्येच लाइट गेली तर कट केलेलं अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं. आमच्याकडे मे महिन्याच्या उन्हात जुनं मशीन तापून आपोआप बंद पडतं, म्हणून हे काम सकाळी, झाकण काढून, यूपीएसवर. मोठी व्हिडिओ फाइल पेन ड्राइव्हवर जात नसेल तर पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे का पाहा; त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतलं दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की बसते. पेन ड्राइव्हवरची फोल्डरं शॉर्टकट झालेली दिसली तर तो मात्र खरोखर व्हायरस. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. खरी फोल्डरं तिथेच लपवलेली असतात, अँटिव्हायरस चालवून लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण केली की दिसतात. टॅलीवाल्यांनी कंपनीचं आकड्याच्या नावाचं फोल्डर डेटासकट घ्यावं आणि जुन्या मशीनवरून लायसन्स सरेंडर केल्याशिवाय काहीही पुसू नये. विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप असेल तर बिटलॉकर चालू आहे का तेही बघा. चालू असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ आकडी चावी मागितली जाते, आणि ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्यातच असते. ते खातं दुकानदाराच्या ईमेलवर उघडलं असेल तर आजच आपल्या नावावर करून घ्या.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळवा. तेवढ्यावर थांबू नका, फाइली उघडून बघा. सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी, एक मराठीतली, एक एक्सेलची, एक फोटो. एखादी फाइल कधीतरी वर्षातून एकदाच लागते, ऑडिटला किंवा पीककर्जाच्या वेळी. ती मार्चमध्ये आठवते. म्हणूनच जुनं मशीन एक पूर्ण वर्षाचा फेरा निघेपर्यंत ठेवा म्हणतो.

त्यानंतर ते द्यायचं असेल तेव्हा हार्ड डिस्क काढून घ्या. माझ्या धंद्यात त्या डिस्कवर गावकऱ्यांची आधार कार्डं, सातबारे, बँक पासबुकांची पहिली पानं असतात, आणि ज्या प्रोग्रॅमने गुरुजींचे शब्द परत आणले तो भंगारवाल्याकडच्या डिस्कमधून ही कागदपत्रंही तितक्याच सहज बाहेर काढेल. डिस्क मशीनसोबत द्यायचीच असेल तर फॉरमॅट करताना 'क्विक' ची खूण काढा. विंडोज ७ आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये मग पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. जुनी मोठी डिस्क असली तर रात्रभर लागते, लागू द्या.